करांद्याचा भाव

दिवाळी संपली की आमच्या रायगडात बाजाराच्या तोंडाशी ठाकरवाडीच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. टोपलीत मातकट रंगाचे, ओबडधोबड करांदे. नव्या सुना विचारतात, "हे बटाटे का हो असे?" आणि पुढे जातात.

मीही एकदा पाच रुपयांसाठी घासाघीस केली होती. पुढे बचत गटाच्या कामानिमित्त त्याच बाईच्या वाडीवर गेले. तिथे तिने कडू कंदाची कहाणी सांगितली. पहार घेऊन डोंगर चढायचा, वेलाचा माग काढत खोल खणायचं. घरी आणून चकत्या करायच्या, राख घालून शिजवायच्या आणि टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. तेव्हा कुठे कडूपणा उतरतो. "पावसात कणगी रिकामी झाली की ह्यावरच दिवस काढले बाई," ती सहज म्हणाली. मला माझे पाच रुपये आठवले आणि मान खाली गेली.

बाजारात येतात ते करांदे त्यामानाने सौम्य. ते जमिनीखाली नाही, वेलावर लटकतात. स्वच्छ धुऊन मिठाच्या पाण्यात उकडावेत, साल काढून गरमागरम खावेत. किंचित कडसर लागतात, पण तीच त्यांची गोडी! उपासाला उकडलेल्या फोडींना जिरं-मिरचीची फोडणी, वर दाण्याचं कूट. इतर दिवशी अर्धवट उकडून काप करावेत, तिखट-मीठ-हळद लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतावेत. मुलं मागून खातात.

एक मात्र लक्षात ठेवा. करांदा कच्चा कधी खाऊ नये आणि रानातला अनोळखी कंद स्वतःच्या मनाने खणून शिजवू नये. काही कंद विषारी असतात. ही पारख ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांच्याकडूनच घ्यावा. आता त्या वाडीतल्या मुलींनाही ती पारख राहिली नाही, असं ती बाई सांगत होती. गिऱ्हाईकच नसेल तर त्या शिकतील तरी कशाला?

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा करांदे दिसले तर किलोभर जरूर घ्या. एखादा बाजूला ठेवा. पावसाच्या तोंडावर कोंब फुटला की कुंपणाशी लावा. आणि हो, भाव करू नका.