ग्लीन : शेतात सांडलेल्या दाण्यांपासून मोबाईलमधल्या डेटापर्यंत

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, किंवा ऐकलेलं पुन्हा एकदा नजरेखालून घालायचंय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ कमी केलेत.

आजचा शब्द आहे ग्लीन. स्पेलिंग जी-एल-ई-ए-एन. उच्चारात ‘ली’ दीर्घ. ‘क्लीन’शी यमक जुळतं, पण अर्थाचा काही संबंध नाही. स्पर्धा परीक्षांच्या उताऱ्यांत, इंग्रजी बातम्यांत, ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये हा शब्द सारखा भेटतो. डिक्शनरी उघडली की अर्थ मिळतो ‘गोळा करणे’. मग प्रश्न पडतो, गोळा करायला गॅदर आहे, कलेक्ट आहे, मग हा आणखी एक कशाला?

आधी अर्थ

ग्लीन म्हणजे नुसतं गोळा करणं नाही. इकडून थोडं, तिकडून थोडं, कष्टाने, चिकाटीने वेचून आणणं. एका जागी ढीग पडलाय आणि तुम्ही तो उचललात, तर ते ग्लीन नाही. सरांनी नोट्सचा गठ्ठा हातात दिला, तर तुम्ही नोट्स कलेक्ट केल्यात. पण सर काहीच सांगत नाहीत आणि तुम्ही त्यांच्या बोलण्यातून, जुन्या पेपरांतून, सीनियर्सच्या गप्पांतून अंदाज बांधलात की यंदा कुठला धडा येणार, तर ती माहिती तुम्ही ग्लीन केलीत.

दोन वाक्यं बघा.

‘आय ग्लीन्ड अ फ्यू डिटेल्स फ्रॉम हर लेटर्स.’ तिच्या पत्रांतून मला थोडेफार तपशील वेचता आले.

‘फ्रॉम व्हॉट आय कुड ग्लीन, दे आर नॉट कमिंग.’ मला जेवढं कळू शकलं त्यावरून ते काही येत नाहीयेत.

दोन्हीकडे ‘फ्रॉम’ आहे, हे लक्षात ठेवा. ग्लीन करताना बहुतेक वेळा कशातून तरी करतात. आणि ग्लीन काय करतात? माहिती, तपशील, धागेदोरे, एखादी समज. माणसं ग्लीन करत नाहीत. ‘ग्लीन द स्टुडंट्स इन द हॉल’ हे चुकीचं. तिथे गॅदर किंवा असेंबल. पैसेही सहसा ग्लीन करत नाहीत.

भावंडं ओळखून घ्या

गॅदर हा सगळ्यात साधा शब्द. ‘टुगेदर’मध्ये जो ‘गेदर’ ऐकू येतो, तो त्याचाच नातेवाईक. एकत्र आणणं, एवढाच अर्थ.

गार्नर हा शब्द मते, पाठिंबा, कौतुक यांच्यासोबत येतो. ‘द फिल्म गार्नर्ड प्रेझ.’ याचं मूळ लॅटिनमधल्या धान्याच्या कोठारात आहे. गार्नर म्हणजे आधी कोठारच, मग कोठारात भरणं, आणि मग कमावून साठवणं.

मस्टर हा शब्द तर आपल्या घरचाच झालाय. ऑफिसात मस्टरवर सही करतात, रोजगार हमीच्या कामावर मस्टर भरतात. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘दाखवणं’. सैनिकांना एका जागी उभं करून दाखवायचं, मोजायचं, ते मस्टर. म्हणून ‘मस्टर करेज’ म्हणजे असेल नसेल तेवढं धैर्य एकवटणं.

आता फरक कसा लक्षात ठेवायचा? गार्नर करणाऱ्याचं कोठार भरतं, आणि ग्लीन करणारा कोठार भरून झाल्यावर शेतात उरलेलं वेचतो. इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

शब्द आला कुठून

इंग्रजीत ग्लीन आला जुन्या फ्रेंचमधून. फ्रेंचमध्ये आला उत्तरकालीन लॅटिनमधून. त्याच्याही मागे बहुधा गॉल प्रदेशातली, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातली, जुनी केल्टिक भाषा असावी असं मानतात. या सगळ्या प्रवासात अर्थ एकच होता : कापणी झाल्यावर शेतात राहिलेली कणसं, सांडलेले दाणे वेचणं. माहिती वेचण्याचा अर्थ नंतर चिकटला.

गावाकडची मंडळी एव्हाना म्हणाली असतील, अहो, हा तर सरवा! बरोबर. भुईमूग काढून झाला की मातीत राहिलेल्या शेंगा, ज्वारी खुडून झाली की पडलेली कणसं, ती वेचायला बायका-पोरं शेतात उतरतात. त्याला सरवा वेचणं म्हणतात. शहरात वाढलेल्यांनी हा शब्द कदाचित ऐकलाच नसेल. ‘ग्लीन’ला इतका नेमका मराठी शब्द असताना आपण परीक्षेत ‘गोळा करणे’ लिहून मोकळे होतो.

आणि एक गंमत. लॅटिनमध्ये ‘लेगेरे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत, वेचणं आणि वाचणं. जर्मनमधल्या ‘लेझन’चेही तेच दोन. इंग्रजीतला ‘लेसन’ हा शब्द त्याच लॅटिन धातूवरून आला. आणि आपल्याकडे? पाठ्यपुस्तकात निवडून घेतलेल्या उताऱ्यांना आपण ‘वेचे’ म्हणतो. शेतातून पुस्तकात जाण्याची वाट मराठीलाही सापडली होती.

सांडलेलं कोणाचं?

आता थोडं थांबून एक प्रश्न विचारू. शेत मालकाचं, पीक मालकाचं. मग खाली सांडलेला दाणा कोणाचा?

बायबलच्या जुन्या करारात याचं सरळ उत्तर आहे. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत शेतकऱ्याला सांगितलंय की शेताच्या कडेपर्यंत कापू नकोस, पडलेलं वेचू नकोस, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नकोस. ते गरिबाचं, परक्याचं, विधवेचं, पोरक्या मुलाचं. रूथची गोष्ट यावरच उभी आहे. रूथ विधवा, मवाबातून आलेली, म्हणजे परकीसुद्धा. सासू नामीला जगवण्यासाठी ती बेथलेहेमात सातूच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून वेचत जाते. शेतमालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की तिच्यासाठी मुद्दाम थोडी कणसं पडू द्या. मराठी बायबलमध्ये या वेचण्याला शब्द आहे सरवा.

आपल्या परंपरेतही हे आहे, पण वेगळ्या अंगाने. संस्कृतात दाणे वेचण्याला ‘उंछ’ आणि कणसं वेचण्याला ‘शिल’ म्हणतात. मनुस्मृतीत अशा उपजीविकेला ‘ऋत’ असं मोठं नाव दिलंय. महाभारतात अश्वमेध यज्ञानंतर अर्ध्या सोनेरी अंगाचं मुंगूस येतं आणि युधिष्ठिराला ऐकवतं, की तुझा एवढा यज्ञ त्या वेचून खाणाऱ्या ब्राह्मणाच्या मूठभर सातूच्या दानापुढे फिका आहे. फरक बघा. इथे वेचणं हे स्वतः घेतलेलं व्रत आहे, आणि तिथे तो गरिबाचा हक्क आहे. सरवा वेचणाऱ्या बाईला मात्र ना कोणी ऋषी म्हणतं, ना तिच्या हातात हक्काचा कागद असतो. बरंचसं मालकाच्या मनावर असतं.

१७८८ चा खटला

इंग्लंडमध्येही गरीब बायका-मुलं शतकानुशतकं ग्लीनिंग करत होती. त्यालाही नियम होते. काही गावांत सकाळी चर्चची घंटा वाजली की शेतात उतरायचं आणि संध्याकाळच्या घंटेला थांबायचं, म्हणजे कोणी आधी जाऊन सगळं उचलणार नाही. शेतात एक पेंढी उभी ठेवलेली असेल तर समजायचं, अजून मालकाचं काम संपलेलं नाही. पेंढी हलली की बाकीच्यांची पाळी. वेचलेल्या गव्हाचं पीठ म्हणजे हिवाळ्यातल्या पावाची सोय.

मग जमिनीचा भाव वाढला, सामाईक कुरणांना कुंपणं पडायला लागली. सफोक परगण्यातल्या टिमवर्थ गावी मेरी हॉटन नावाच्या बाईने जेम्स स्टील या जमीनदाराच्या शेतात सरवा वेचला. त्याने तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर दावा लावला. १७८८ मध्ये ‘स्टील विरुद्ध हॉटन’ खटल्याचा निकाल लागला. बहुमताने न्यायाधीश म्हणाले, कॉमन लॉमध्ये असा कोणताही सर्वसाधारण हक्क नाही. मालमत्ता म्हणजे मालमत्ता. एकटे न्यायमूर्ती गूल्ड विरोधात गेले. विशेष म्हणजे ब्लॅकस्टोन या मोठ्या कायदेपंडिताने आपल्या ग्रंथात गरिबांना शेतात शिरून वेचण्याची मुभा असल्याचं आधीच लिहून ठेवलं होतं. तरी निकाल फिरला नाही.

पण कोर्टात हरलं म्हणून पोट थांबतं का? गावोगावी रूढी म्हणून ग्लीनिंग पुढेही कितीतरी वर्षं चालूच राहिलं.

चित्रात आणि सिनेमात

फ्रान्समध्ये १८५७ साली झाँ-फ्रान्स्वा मिले या चित्रकाराने तीन बायका रंगवल्या, जमिनीकडे वाकून कणसं वेचणाऱ्या. मागे दूरवर धान्याच्या मोठमोठ्या गंजी, भरलेली गाडी, घोड्यावर बसलेला मुकादम. पुढे तीन वाकलेल्या पाठी. पॅरिसच्या प्रदर्शनात बड्या लोकांना ते खटकलं. १८४८ ची क्रांती होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. गरिबांना एवढं मोठं करून दाखवणं त्यांना धोक्याचं वाटलं. आज ते चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. फोनवर ‘मिले ग्लीनर्स’ असं शोधा, लगेच दिसेल.

याच नावाचा धागा पकडून आन्येस वार्दा या दिग्दर्शिकेने २००० साली एक माहितीपट केला. हातात छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन ती फ्रान्सभर फिरली. बाजाराच्या मापात न बसणारे म्हणून टाकून दिलेले बटाटे वेचणारी माणसं, बाजार उठल्यावर भाजी उचलणारी माणसं तिने टिपली. आणि स्वतःलाही ती वेचणारीच म्हणाली, कारण ती चित्रं वेचत होती.

आणि आता आपला फोन

शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी हा शब्द निवडला. आज ग्लीन हा शब्द कोणाच्या तोंडी ऐकू येतो? डेटावाल्यांच्या. ‘इनसाइट्स ग्लीन्ड फ्रॉम युजर डेटा.’ तुम्ही काय बघता, कुठे थांबता, रात्री किती वाजता स्क्रोल करता, त्या सगळ्या सांडलेल्या दाण्यांतून तुमच्याबद्दल अंदाज बांधला जातो.

वाक्य अगदी बरोबर आहे, व्याकरणात काही चूक नाही. पण चित्र उलटं झालंय. जुन्या ग्लीनिंगमध्ये शेत मोठ्याचं होतं आणि वाकून वेचणारा गरीब होता. आता शेत तुमचं-माझं आहे, आणि वेचणाऱ्याचं कोठार भरलेलं आहे. शिवाय घंटा वाजत नाही आणि पेंढीही उभी नसते. असते ती फक्त लांबलचक अटींखालची ‘आय ॲग्री’ची पट्टी.

म्हणून पुढच्या वेळी हा शब्द कुठे वाचलात तर दोनच प्रश्न विचारा. वेचतंय कोण? आणि शेत कोणाचं?

गृहपाठ सोपा आहे. ग्लीन, गार्नर आणि मस्टर यांचं एकेक वाक्य स्वतःचं स्वतः बनवा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना ‘सरवा’बद्दल विचारा. शेंगांचा सरवा की ज्वारीचा, घरी किती यायचा, मालक हाकलायचा की नाही, हे सगळं रेकॉर्ड करून ठेवा. डिक्शनरीत न सापडणारं बरंच काही तिथे मिळेल. ते जपून वेचा.

पुढच्या भागात नव्या शब्दासह भेटूच. तोवर ऐकत राहा!