पोर्तुगालचं उदाहरण देण्याआधी

अमली पदार्थांवर रिसर्च प्रपोजल लिहायला बसलात की पहिल्याच पानावर पोर्तुगाल येतो. मीही लिहिलं होतं, "गुन्हा रद्द केला आणि एचआयव्ही कमी झाला." गाईडनी त्या 'आणि'भोवती लाल गोल काढून पान परत दिलं. तो गोल कशासाठी होता, ते सांगते.

आधी कायदा नीट बघा. 1 जुलै 2001 पासून तिथे स्वतःपुरता, म्हणजे साधारण दहा दिवस पुरेल इतका साठा बाळगणं फौजदारी गुन्हा राहिलं नाही. पण ते कायदेशीरही झालं नाही! पोलीस माल जप्त करतात आणि माणसाला कोर्टाऐवजी एका आयोगापुढे पाठवतात. तिथे व्यसन आहे का ते बघून उपचार सुचवतात, कधी दंडही करतात. विकणाऱ्याला मात्र आजही तुरुंगच. डीक्रिमिनलायझेशन आणि लीगलायझेशन एकच समजलात, तर व्हायव्हात तिथेच अडकाल.

आता खरी अडचण. इंजेक्शनने ड्रग्ज घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीच्या नव्या लागणी पुढच्या दशकात खूप घटल्या, हे खरंच. पण फार्मसीतून सुया बदलून देण्याची योजना 1993 पासूनच चालू होती, आणि हेरॉइनऐवजी डॉक्टरच्या देखरेखीखाली मेथाडोन देण्याचे उपचारही त्याच काळात वाढले. मग श्रेय कुणाला द्यायचं? मला वाटतं, अटकेची भीती गेली की माणूस दवाखान्यात यायला धजावतो. पण हे झालं माझं गृहीतक, पुरावा नाही.

उलट बाजूनेही हीच गफलत होते. अमेरिकेतल्या ओरेगनने फेब्रुवारी 2021 मध्ये असाच बदल केला. ओव्हरडोसचे मृत्यू वाढले, ओरड झाली, आणि सप्टेंबर 2024 पासून बाळगणं पुन्हा गुन्हा ठरलं. मात्र त्याच सुमारास फेंटॅनिल तिथल्या बाजारात पसरत होतं. 2023 च्या एका पेपरने मृत्यूंचा दोष कायद्याला दिला. 2024 मध्ये दुसऱ्या गटाने फेंटॅनिलचा प्रसार गणितात धरला, तर तो संबंध उरलाच नाही. कन्फाउंडर म्हणतात तो हा.

आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस कायद्यात कलम 27 सेवनाला शिक्षा सांगतं, तर 64अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देतं. ही सूट प्रत्यक्षात किती जणांना मिळते? विषय शोधत असाल, तर आधी तुमच्याच जिल्हा कोर्टाचे निकाल काढून बघा.