शिव्या खाण्याचा पगार

नेब्रास्का राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहराहूनही कमी. राज्यात वरच्या पातळीच्या व्यावसायिक फुटबॉलचा एकही संघ नाही. आहे तो लिंकन शहरातल्या विद्यापीठाचा, विद्यार्थ्यांचा. पण त्यांच्या मेमोरियल स्टेडियममध्ये ८५ हजार माणसं बसतात आणि नोव्हेंबर १९६२ पासून इथला प्रत्येक सामना हाउसफुल्ल गेला आहे. सलग ४००हून अधिक सामने! मध्यंतरी संघ इतका ढेपाळला की तिकिटं उरायला लागली, तेव्हा देणगीदारांनी पदरचे पैसे घालून ती घेतली आणि गरजू मुलांना वाटली. पण परंपरा मोडू दिली नाही. एवढी माया जिथे असते, तिथे रागही तसाच असतो.

मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ हरला की आमच्या गल्लीत कोण कसं बोलायचं, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे लिंकनला संसार थाटला तेव्हा वेड ओळखीचं होतं, खेळ मात्र अनोळखी. इथल्या फुटबॉलमध्ये चेंडू लंबगोल आणि तो बहुतेक वेळ हातात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ थांबतो आणि पुढची चाल बहुतेकदा मैदानाबाहेरून ठरते. म्हणून चूक झाली की लोकांच्या नजरा आधी बाहेर उभ्या असलेल्या कोचकडे वळतात. नेहमीच्या हंगामात सामने बाराच. दोन हरले तर चेहरे पडतात, चार हरले तर वर्ष वाया.

लोकांच्या अपेक्षा आभाळातून पडल्या नाहीत. टॉम ऑस्बर्न १९७३ ते १९९७ अशी २५ वर्षं इथले कोच होते. २५५ सामने जिंकले, एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत, शेवटच्या चार वर्षांत तीन राष्ट्रीय अजिंक्यपदं. निवृत्तीनंतर लोकांनी त्यांना खासदार करून वॉशिंग्टनला धाडलं. ज्यांनी हे पाहिलं, त्यांना नऊ विजय म्हणजे जेमतेम पास वाटू लागलं. ऑस्बर्न यांचे वारसदार फ्रँक सोलिच यांना २००३ मध्ये काढलं, त्या वर्षी संघाने नऊ सामने जिंकले होते आणि तीन हरले होते. पुढे २०१४ मध्ये बो पेलिनी गेले, तेही नऊ विजय, तीन पराभव अशाच हिशेबावर.

मग २०१८च्या हंगामासाठी घरचाच माणूस आणला. स्कॉट फ्रॉस्ट, याच राज्यातल्या वुड रिव्हर या छोट्या गावचा, १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार. लिंकन हरखून गेलं. शेजारचे आजोबा, ज्यांच्याकडे वडिलांपासून चालत आलेली दोन सीटं आहेत, मला म्हणाले होते, “आता बघच तू.” आम्ही बघितलं. २०२१ मध्ये बारापैकी नऊ सामने हरले आणि त्यातला एकही नऊपेक्षा जास्त गुणांनी नाही. धुव्वा उडाला तर माणूस टीव्ही बंद करून कामाला लागतो. इथे दर शनिवारी हातातोंडाशी आलेला घास जायचा.

कडेलोट झाला २७ ऑगस्ट २०२२ ला. नॉर्थवेस्टर्नविरुद्धचा सामना आयर्लंडमध्ये, डब्लिनला होता. तिथे संध्याकाळ, आमच्याकडे दुपार व्हायची होती. आजोबांच्या दिवाणखान्यात लाल शर्ट घालून आम्ही दहा-बारा जण. नेब्रास्का २८-१७ ने पुढे. गुण मिळवल्यावर चेंडू लांब टोलवून समोरच्यांना द्यायचा, हा रिवाज. फ्रॉस्टने त्याऐवजी आखूड मारायला लावला, आपल्याच पोरांनी धावत जाऊन तो पटकवावा म्हणून. पिछाडीवर असलेला संघ शेवटच्या मिनिटांत खेळतो तो हा डाव. इथे तर अकरा गुणांची आघाडी होती! चेंडू नॉर्थवेस्टर्नच्या हाती गेला आणि सामना ३१-२८ ने गेला. आजोबा ओरडले नाहीत. “कशाला? नडलं होतं कुठे?” एवढंच, पण तीनदा म्हणाले.

दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्न या तुलनेने दुबळ्या संघाने घरच्या मैदानावर ४५-४२ ने हरवलं आणि दुसऱ्या दिवशी फ्रॉस्टला नारळ मिळाला. करारानुसार भरपाई सुमारे दीड कोटी डॉलर. १ ऑक्टोबरपर्यंत कळ काढली असती तर ती निम्म्यावर आली असती. तीन आठवडेही दम धरवला नाही! आणि हे काहीच नाही. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर यांना घरी बसवण्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम कबूल केली.

वर्षानुवर्षं कोचना पडणाऱ्या शिव्या ऐकून माझं एक मत झालं आहे. संघ घसरण्याची कारणं बरीच आहेत. राज्य लहान, स्थानिक गुणवंत पोरं मोजकी. २०११ मध्ये नेब्रास्का ‘बिग टेन’ गटात गेलं आणि टेक्सासमधल्या खेळाडूंशी असलेला जुना राबता तुटला. दर चार-पाच वर्षांनी कोच बदलला की आधीच्याने जमवलेली मुलं नव्याच्या डावपेचांत बसत नाहीत. पण राज्याचा आकार बदलता येत नाही, गटाचे करार मोडता येत नाहीत. बदलता येतो तो एकटा कोच, म्हणून खापर त्याच्या डोक्यावर. त्याचा निम्मा पगार शिकवण्याचा असेल, तर निम्मा शिव्या खाण्याचा आहे.

यात एक शहाणपणही होतं: बिनपगारी विद्यार्थ्यांना कुणी बोलायचं नाही. पासवर चेंडू सुटला तरी आजोबा त्या पोराचं नाव घेत नसत, “याला शिकवलंय कुणी?” म्हणत. आता ते पातळ होत चाललं आहे. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येतं, २०२५ पासून विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ लागली आहेत. “पैसे घेतोस ना, मग ऐक,” असं एकोणीस वर्षांच्या पोराला सुनावणारे आता आमच्या रांगेतही भेटतात.

सध्याचे कोच मॅट रूल आठ वर्षांच्या, ७ कोटी ४० लाख डॉलरच्या करारावर आले. २०२४ मध्ये हंगामानंतरचा जादा सामना धरून त्यांनी सात सामने जिंकले, सहा हरले आणि नऊ विजयांवर कोच घालवणाऱ्या याच गावाने त्यावर सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांच्यावरही एक दिवस नारळ मिळण्याची वेळ येऊ शकते. त्याची तरतूद करारातच असते. फ्रॉस्टना तर डिसेंबर २०२४ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने कोच म्हणून बोलावलंही. कोचला भरपाई मिळते आणि दुसरी नोकरीही. चेंडू सुटलेल्या पोराला मात्र सोमवारी सकाळी त्याच वर्गात, त्याच मुलांशेजारी जाऊन बसायचं असतं. राग काढायचाच असेल, तर तो मोठ्या पगारावरच काढलेला बरा.