कानटोपीची रशियन मावशी

पहिल्या वर्षी हॉस्टेलवर आलो तेव्हा आईने बॅगेच्या तळाशी कानटोपी कोंबली होती. डिसेंबरात पहाटे कुडकुडलो, पण ती बाहेर काढली नाही. 'आजोबा आले' म्हणून सगळी विंग ओरडेल ही भीती! त्याच महिन्यात रूमवर एक रशियन युद्धपट पाहिला. सैनिकांच्या केसाळ टोप्या बघून सगळे म्हणाले, "काय रुबाब आहे यार!" मी टोपीचं नाव शोधलं आणि गारच पडलो. नाव 'उशान्का'. रशियनमध्ये 'ऊशी' म्हणजे कान (आपली डोक्याखालची उशी नव्हे!). म्हणजे ही चक्क कानटोपीच की!

मग नादच लागला. तिच्या आधीची फरची टोपी 'त्रेऊख', म्हणजे तीन कानांची: दोन बाजूंना दोन पट्ट्या आणि मागे एक. जुन्या काळचे सरदार, म्हणजे बोयार, उंचच उंच 'गोर्लात्नाया' घालत. 'गोर्लो' म्हणजे गळा. सेबल, कोल्हा अशा प्राण्यांच्या गळ्याखालच्या मऊ फरची ती टोपी. कॉकेशसमधली मेंढीच्या कातडीची उंच 'पापाखा' हा शब्द मूळचा तुर्की भाषांच्या घराण्यातला. तिचीच बुटकी बहीण 'कुबान्का', कुबान नदीकाठच्या कोसॅकांची. आणि सोव्हिएत पुढारी घालत ती लांबट, मधे दुमडलेली टोपी 'पिरोझोक'. पिरोझोक म्हणजे सारण भरलेला छोटा पाव. आपण करंजी म्हटलं असतं!

पण सगळीच नावं इतकी गमतीची नाहीत. क्रांतीनंतर लाल सेनेने 'बुद्योनोव्का' ही कापडी, टोकदार टोपी घेतली. नाव घोडदळाचा सेनानी बुद्योनी याच्यावरून, आकार जुन्या रशियन वीरांच्या शिरस्त्राणासारखा. दिसायला झकास. पुढे १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडशी युद्ध झालं आणि पारा उणे ४० अंशांच्या आसपास उतरला. तिलाही कानपट्ट्या होत्या, पण कापडाच्या. त्या थंडीपुढे त्यांचं काय चालणार? टोपीचा रुबाब सैनिकांचे कान वाचवू शकला नाही. अखेर १९४० मध्ये लाल सेनेने तिच्या जागी उशान्का आणली. वीराचं नाव गेलं, कानाचं आलं!

यामागचं शास्त्र आपल्या हीट ट्रान्सफरच्या पेपरातलंच आहे. ऊब फर देत नाही, तिच्या केसांत अडकून राहिलेली हवा देते. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक. म्हणूनच साध्या सैनिकाच्या टोपीला खरी फर परवडली नाही तरी लोकरीच्या नकली केसांवर भागलं. शिपाई त्याला 'माशाची फर' म्हणत. माशाला कुठली आलीय फर! थंडी कमी असली की कानपट्ट्या वर घेऊन डोक्यावर बांधायच्या, वाढली की हनुवटीखाली. एकच वस्तू, दोन सेटिंग्ज. डिझाइन म्हणतात ते हेच.

तर मित्रांनो, टोपीचं नाव सेनापतीवरून ठेवा की नदीवरून, थंडी विचारते एकच प्रश्न: कान झाकलेत का? आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. सकाळी साडेसातच्या प्रॅक्टिकलला आईची कानटोपी घालूनच जातो. कोणी हसलं तर सांगतो, "उशान्का आहे, रशियन!" गेल्या आठवड्यात दोघांनी पत्ता विचारला, कुठे मिळते म्हणून.