डिस्चार्जनंतरची सिस्टर

आजोबांना डिस्चार्ज मिळतो. फाइल आणि गोळ्यांची पिशवी घेऊन सगळे घरी येतात. दोन दिवस भेटायला येणाऱ्यांची गर्दी. तिसऱ्या दिवशी आजोबांचे पाय सुजलेले दिसतात. ‘बसून बसून आली असेल सूज,’ म्हणत विषय मिटतो. आणि आठवड्याभरात पुन्हा तेच हॉस्पिटल! तुमच्याही घरी घडलंय का असं?

हृदय कमकुवत असलेल्या पेशंटच्या अंगात पाणी साठायला लागलं, की दम लागण्याच्या आधी बऱ्याचदा वजन वाढतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते घरच्या जेवणामुळे नसतात. ती धोक्याची घंटा असते. प्रश्न एवढाच, की घरी ती ऐकणार कोण?

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेने यावर २००३ पासून मोठं काम केलं. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्या पेशंटच्या घरी एक छोटं यंत्र बसवलं. ते रोज विचारणार : आज वजन किती? दम लागतोय का? गोळी घेतली का? उत्तरं थेट नर्सच्या स्क्रीनवर. धोक्याप्रमाणे त्यांना रंग मिळतो. लाल दिसलं, की सिस्टरचा फोन आलाच! २००३ ते २००७ या काळातल्या १७,०२५ पेशंटची आकडेवारी पुढे प्रसिद्ध झाली. आधीच्या काळाशी तुलना केली, तर अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी आणि हॉस्पिटलमधले दिवस २५ टक्क्यांनी कमी झाले होते.

कोविडमध्ये तर इंग्लंडने पेशंटच्या हातात ऑक्सिमीटर देऊन त्यांना घरी सोडलं आणि फोनवरून लक्ष ठेवलं. ‘व्हर्च्युअल वॉर्ड’ हा शब्द तेव्हा सगळीकडे पोचला.

मग यंत्रच सगळं करतं म्हणायचं का? अजिबात नाही. सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासातून ठळकपणे समोर आलं. म्हणजे आपल्यासाठीही ही बाब महत्त्वाचीच. आकडा ९५ असला, तरी बोलताना पेशंट मध्येच थांबतोय, हे फोनवर ओळखते ती सिस्टर. ‘गोळी घेतली’ आणि ‘गोळी परवडत नाही म्हणून अर्धीच घेतली’ यातला फरकही तिलाच कळतो.

त्यामुळे बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम करणाऱ्यांनो, तुमचं काम आता वॉर्डच्या दारापाशी संपणार नाही. इंजेक्शन देणाऱ्या हातांइतकेच फोनवर ऐकणारे कानही लागणार आहेत.

आणि बाकीच्यांनो, आपल्याकडे प्रत्येक हॉस्पिटलमधून असा फोन येत नाही. पण वजनकाटा शे-पाचशे मीटरवरच्या मेडिकलमध्येही असतो आणि मोबाइल तर तुमच्या हातातच आहे. डिस्चार्जच्या दिवशी तीन गोष्टी विचारून घ्या : रोज काय मोजायचं, किती झालं की कळवायचं, आणि रात्री-अपरात्री कोणत्या नंबरवर? उत्तरं फॅमिली ग्रुपवर पिन करून ठेवा. रोज सकाळी आजोबांचं वजन टाकायची ड्युटी एकाने घ्या.

ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं येतातच की. त्यांच्याखाली एक आकडाही येऊ दे!