यंत्रमानवाला स्पर्श कसा कळतो?

मुलांनी बनवलेल्या यंत्रमानवाच्या चिमट्यात अंडे दिले, तर ते बहुधा निसटते किंवा फुटते. बोटांना काही लागले आहे, हे मोटरला कळतच नाही. आपल्याला डोळे मिटूनही ते कळते, कारण त्वचेतील संवेदक मेंदूला दाबाची वार्ता देत असतात. चिमट्याला अशी ‘कातडी’ लावता येते, आणि तीही स्वस्तात.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसीचे पाय काळ्या स्पंजात खोचून ठेवलेले दिसतात. त्या स्पंजात काजळीसारखा बारीक कार्बन मिसळलेला असतो. (गुलाबी स्पंज आणू नका, त्याचा रोध फारच जास्त असतो.) वेलोस्टॅट नावाचा पातळ काळा पडदाही मिळतो, तो म्हणजे कार्बन मिसळलेले पॉलिथिन. दोन्हींचा मूळ उपयोग नाजूक आयसींना स्थितिक विजेपासून वाचवणे हाच.

दाबल्यावर यांचा विद्युतरोध कमी होतो. असे का व्हावे? प्लॅस्टिक वीज वाहू देत नाही. वीज जाते ती कार्बनच्या कणाकणांतून. स्पंज दाबला की त्याच्या भिंती एकमेकींना टेकतात आणि विजेला नव्या वाटा मिळतात. पातळ पडद्यात मात्र बराचसा बदल पृष्ठभागावर घडतो. पडदा आणि त्यावरची धातूची पट्टी दिसायला गुळगुळीत असली तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीतच असतात, आणि काही मोजक्या उंचवट्यांवरच एकमेकांना भेटतात. दाब वाढला की भेटीच्या जागा वाढतात. जुन्या टेलिफोनच्या बोलण्याच्या बाजूस कार्बनचे दाणे असत, तेही याच तत्त्वावर काम करत. आवाजाने पडदा हले, दाणे दाबले जात, प्रवाह बदले.

वर्गात करून पाहा. अ‍ॅल्युमिनियमची चकाकी चिकटवलेल्या दोन पुठ्ठ्यांमध्ये स्पंज ठेवा आणि मल्टिमीटरने रोध मोजा. समजा, तो न दाबता १०० किलोओहम आणि दाबल्यावर ५ किलोओहम भरला. स्पंज आणि १० किलोओहमचा रोधक एकसरीत जोडून ५ व्होल्ट दिले, तर रोधकावरचा दाब – हा विजेचा! – सुमारे ०.४५ वरून ३.३ व्होल्टवर जातो. हा फरक अर्डुइनो सहज ओळखतो.

आता एकेक वजन चढवा, मग उतरवा. उतरतानाचे आकडे चढतानाच्या आकड्यांशी जुळणार नाहीत. वजन तसेच ठेवले तरी आकडा हळूहळू सरकत राहील. मुले ‘चुकले’ म्हणून खोडू लागतील; खोडू देऊ नका. पॉलिमर दाबाखाली सावकाश सरकतो आणि पूर्ववत व्हायलाही वेळ घेतो, तेच त्या आकड्यांत दिसते आहे. म्हणून याचा वजनकाटा करू नये.

क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलेला स्फटिकांचा दाबविद्युत परिणाम इथे चालेल का? टकटक ओळखायला उत्तम. पण त्यात विद्युतभार दाब बदलतानाच निर्माण होतो आणि मग झिरपून जातो. धरून ठेवलेले अंडे त्याला जाणवत नाही. काळा स्पंज ढोबळ असला तरी ‘अजून हातात आहे’ एवढे सांगतो. मोटर कोणत्या आकड्याला थांबवायची, ते आधी रबरी चेंडूवर ठरवा, मग उकडलेल्या अंड्यावर. स्पंज बदलला की तो आकडा पुन्हा ठरवावा लागेल.