आजी-आजोबांचा आठवडा



सोमवार ते रविवार हे सातही वार आता आपल्या वर्गातल्या सगळ्यांना न अडखळता म्हणता येतात. पण वार पाठ असणे वेगळे आणि त्या वारी गावाकडे काय चालते हे ठाऊक असणे वेगळे. म्हणून या अंकात माझ्या आई-वडिलांचा, म्हणजे माझ्या मुलांच्या आजी-आजोबांचा, एक आठवडा सांगणार आहे.

ते सावंतवाडीला राहतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. मधोमध मोती तलाव, समोर राजवाडा आणि चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकाने. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले. आजीने घर सांभाळले. घरात आता दोघेच असतात. तुमचे आजी-आजोबा चिपळूणला, कराडला किंवा आणखी कुठे असतील. तिथले वार बदलतील, पण आठवडा बराचसा असाच असेल.

आधी घड्याळाचे गणित करू. भारताचे घड्याळ कुवेतच्या अडीच तास पुढे असते. आपण शुक्रवारी निवांत उठून सकाळी दहाला फोन लावतो, तेव्हा तिथे साडेबारा वाजलेले असतात आणि पाने वाढलेली असतात. आपण रात्री नऊला लावला तर तिथे साडेअकरा, म्हणजे आजी-आजोबांची झोपमोड. संध्याकाळी पाच ही वेळ उत्तम. तिथे तेव्हा साडेसात वाजतात, दिवेलागण झालेली असते आणि दोघेही घरात असतात.

दुसरे गणित सुट्टीचे. कुवेतमध्ये २००७ सालापासून शुक्रवार आणि शनिवार अशी सुट्टी असते, त्याआधी गुरुवार आणि शुक्रवार असे. तिकडे सुट्टी रविवारी. आपला शुक्रवार मोकळा म्हणून त्यांचाही मोकळा असेल, असे आपण धरून चालतो. पण त्यांचा आठवडा वेगळ्याच खुंट्यांवर टांगलेला असतो.

सोमवार. आजीचा उपवास. आजोबा सकाळी पेज पिऊन मोती तलावाला फेरी मारून येतात आणि मग औषधांचा डबा भरतात. सात खणांचा हा डबा आम्ही फरवानियातूनच नेला होता. रक्तदाबाची गोळी सकाळच्या रांगेत, साखरेची जेवणाच्या रांगेत. डबा भरला की आठवडा सुरू झाला.

मंगळवार. आठवड्याचा बाजार. हा सगळ्यात मोठा दिवस. आजूबाजूच्या गावांतल्या बायका परसातली भाजी टोपलीतून आणून बसतात. घाटमाथ्यावरची भाजी आंबोली घाटाने खाली येते. पावसाळ्यात टाकळा आणि अळू, थंडीत लाल भाजी आणि मुळा, उन्हाळ्यात ओले काजूगर, फणस आणि आंबे. पुष्कळ जिन्नस तराजूने न देता वाट्याने देतात. वाटा म्हणजे एका किमतीचा लहानसा ढीग. आजोबा दोन पिशव्या घेऊन सकाळी लवकर निघतात, आधी नुसते फिरून भाव विचारतात, मग खरेदी करतात. वाटेत जुने विद्यार्थी भेटतात. त्यामुळे तासाभराचे काम दुपारपर्यंत चालते, आणि घरी आल्यावर कुठल्या भाजीला जास्त पैसे पडले यावर आजीशी वाद होतो. मंगळवारी सकाळी फोन उचलला नाही तर घाबरू नका, आजोबा बाजारात आहेत.

बुधवार. मासे. सोमवार उपवासाचा, मंगळवार गणपतीचा आणि गुरुवार दत्ताचा, म्हणून आमच्याकडे मासे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा सुके बांगडे आणि सुका जवळा. त्याची बेगमी आजी मे महिन्यातच बाजारातून करून ठेवते.

गुरुवार. आजोबांचे वाचनालय. श्रीराम वाचन मंदिर ही तिथली जुनी संस्था. पुस्तक बदलायचे आणि वर्तमानपत्रे चाळायची. आजीकडे संध्याकाळी शेजारणी आरतीला जमतात.

शुक्रवार. आजीच्या कॅलेंडरवर या वाराला काहीच लिहिलेले नाही, पण त्या दिवशी ती संध्याकाळी कुठे जात नाही. का, ते तुम्ही ओळखले असेलच.

शनिवार. मारुतीचे देऊळ आणि बाहेरची कामे. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, म्हणून आजोबा आधी कॅलेंडर बघतात. नोव्हेंबरात त्यांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण जिवंत आहोत असे लिहून द्यायचे, तरच निवृत्तिवेतन पुढे चालू राहते. २०१४ पासून हे काम बोटाचा ठसा देऊन संगणकावरही होते, पण आजोबांना बँकेत जाऊन सही करायलाच आवडते. काही वेळा दोघे एस.टी.ने वेंगुर्ल्याला नातेवाइकांकडे जातात. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चे तिकीट पडत नाही आणि महिलांना २०२३ पासून अर्धे पडते. म्हणून आजोबा फुकट आणि आजी अर्ध्या तिकिटात.

रविवार. शेजारची नोकरी करणारी माणसे घरी असतात. नळ गळत असेल, मोबाईलमध्ये काही अडले असेल, तर ते काम रविवारी होते. दुपारी मासे आणि मग लांब झोप.

हे सगळे इतके बारकाईने का सांगितले, ते आता सांगतो.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर आम्ही दर शुक्रवारी फोन करत होतो. "कसे आहात?" असे मी विचारायचो आणि आई म्हणायची, "सगळां बरां आसा." मग पाऊस, मुलांचा अभ्यास, आणि फोन बंद. असे तीन शुक्रवार गेले. चौथ्या शुक्रवारी माझ्या मुलीला वर्गातून गृहपाठ होता, 'बाजार' या विषयावर पाच वाक्ये लिहा. तिने फोन घेतला आणि विचारले, "आजी, मंगळवारी आजोबांनी बाजारातून काय आणलं?"

आजी म्हणाली, "दोडकी आणि अळू. शेजारच्या काकींनी आणून दिलं."

"आणि त्याच्या आधीच्या मंगळवारी?"

"तेव्हाही काकींनीच."

मी फोन हातात घेतला. दोन मंगळवार आजोबा बाजाराला गेले नाहीत, हे आमच्या घरात पाऊस पडला नाही म्हणण्यासारखे होते. थोडे आढेवेढे घेतल्यावर कळले ते असे. मागच्या दारी शेवाळावरून पाय घसरून आजोबा पडले होते. गुडघा सुजला होता. तलावाची फेरी बंद झाली होती आणि त्यामुळे साखर वाढली होती. "तुम्ही इतके लांब, उगाच जिवाला घोर कशाला," म्हणून दोघांनी सांगितले नव्हते. दुसऱ्याच दिवशी चुलतभावाने त्यांना नेऊन एक्स-रे काढला. गुडघ्याच्या वाटीला बारीक चीर होती. आणखी काही दिवस तसेच चालत राहिले असते तर शस्त्रक्रियेची वेळ आली असती, असे डॉक्टर म्हणाले. आता ते काठी घेऊन का होईना, पुन्हा मंगळवारी बाजाराला जातात.

मला आईचा राग आला होता, पण फार वेळ टिकला नाही. कारण आपणही तेच करतो. माझे काका १९९० साली कुवेतमध्ये होते. २ ऑगस्टला इराकचे सैन्य शिरल्यावर कित्येक दिवस त्यांची खबर नव्हती. आजी रेडिओजवळ बसून असायची. एअर इंडियाने अम्मानहून लाखाहून अधिक भारतीयांना परत आणले, त्यांत काकाही आले. घरी येऊन काय म्हणाले, तर "तसा काही त्रास झाला नाही." त्यांचे वजन किती उतरले होते, ते सगळ्यांना दिसत होते. आज आपल्यापैकी किती जण नोकरीतली अडचण गावी कळवतात? दोन्हीकडून 'बरे आहे' एवढेच जाते.

संगणकाच्या कामात एक साधी रीत आहे. यंत्र बिघडले की ते बरे आहे का असे कोणी त्याला विचारत नाही. काल काय केले, परवा काय केले, नेहमीपेक्षा काय वेगळे झाले, हे बघतात. माणूस म्हणजे यंत्र नव्हे, पण विचारण्याची ही रीत माणसांनाही लागू पडते. "कसे आहात?" याचे उत्तर ठरलेले आहे. "मंगळवारी काय आणलं?" याचे उत्तर ठरलेले नसते. शिवाय आजीला ते सांगायला आवडते.

मात्र हे प्रश्न विचारायला मराठी यावे लागते. दोडके म्हणजे काय, वाटा म्हणजे काय, हे ठाऊक असेल तर बोलणे पुढे जाते. नाही तर दोन मिनिटांत फोन बाबांच्या हातात!

गृहपाठ: वहीत सात वारांच्या सात ओळी आखा. येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला फोन लावा आणि तुमच्या आजी-आजोबांचा एकेक वार विचारून लिहून घ्या. बाजाराचा वार कोणता? औषधे कोण आणते? संध्याकाळी कोण भेटायला येते? वही पूर्ण झाली की ती जपून ठेवा आणि महिन्याभराने तेच प्रश्न पुन्हा विचारा. एखादी ओळ बदललेली दिसली, तर आई-बाबांना लगेच सांगा.